काळ्या हिऱ्याची कुळकथा

स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासावर लिहा, असं सेक्रेटरींनी मला लिफ्टपाशी गाठून सांगितलं. सोसायटीचा इतिहास ए विंगमधले आपले माजी खजिनदार लिहीत आहेत, तेव्हा त्यांच्या प्रांतात शिरणं बरं नव्हे. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याकडे इतिहास असला तर तो लेजरमधला! पण गेल्या जानेवारीत आमच्या घरी एका अंगठीवरून जे महाभारत झालं, त्याच्या निमित्ताने मी एका खड्याचा इतिहास खणून काढला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

झालं असं, की आमच्या नातीचं लग्न ठरलं. आपल्यापैकी अनेकांनी तिला पार्किंगमध्ये सायकल शिकताना आणि तुमच्या कुंड्या फोडताना पाहिलेलं आहे. तिने आणि होणाऱ्या जावईबापूंनी मिळून साखरपुड्याची अंगठी पसंत केली आणि फोटो आजीला पाठवला. मध्ये काळा कुळकुळीत खडा, भोवती बारीक पांढरे हिरे. आमच्या हिने फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाली, “साखरपुड्याला काळं? आणि हा काय हिरा झाला?” संध्याकाळी नात आली. तिने शांतपणे विचारलं, “आजी, तुझ्या मंगळसूत्रातले मणी कोणत्या रंगाचे आहेत गं?” यावर हिच्याकडे उत्तर नव्हतं, पण समाधानही झालं नव्हतं. शेवटी निवाडा माझ्याकडे आला. कारण माझ्या नोकरीची नऊ वर्षं मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या शाखेत, हिरेवाल्यांची खाती सांभाळण्यात गेली. “तुम्हीच सांगा, काळा हिरा खरा असतो का?”

खरा असतो. पण मी त्या दिवशी पटकन बोललो नाही. काळ्या हिऱ्याबद्दल मी एकदा पटकन बोललो होतो आणि ते मला अजून सलतं. ते ओघात येईलच.

हिरा काळा कसा होतो?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘कोळशाचाच हिरा होतो’ असं आपण मुलांना सांगतो. दोन्ही कार्बनच, एवढंच त्यात खरं. कोळसा झाडाझुडपांपासून झाला. बहुतेक हिरे मात्र अब्जावधी वर्षांपूर्वीचे, म्हणजे जमिनीवर पहिलं गवताचं पातंही उगवलं नव्हतं तेव्हाचे. ते जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली तयार झाले आणि ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर वर आले. कोळसा हा त्यांचा बाप नव्हे, फार तर लांबचा धाकटा भाऊ म्हणा.

पांढऱ्या हिऱ्यात प्रकाश शिरतो, आतल्या आत उड्या मारतो आणि बाहेर येतो. त्यालाच आपण हिऱ्याचं ‘पाणी’ म्हणतो. काळ्या हिऱ्याच्या पोटात ग्रॅफाइटचे, लोहाच्या संयुगांचे असंख्य बारीक कण आणि चिरा असतात. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. आत गेलेला प्रकाश तिथेच मुरतो, परत येत नाही. त्यामुळे या हिऱ्याला आतून पाणी नाही. असते ती फक्त वरची झळाळी, घासूनपुसून ठेवलेल्या पोलादासारखी.

त्याशिवाय काळ्या हिऱ्याचा आणखी एक प्रकार आहे. त्याचं नाव कार्बोनाडो. हा एकसंध स्फटिक नसतो, तर हिऱ्याच्या बारीक बारीक कणांचा एकमेकांत घट्ट रुतलेला, सच्छिद्र गोळा असतो. त्याची हकिगत मोठी गमतीची आहे, पण त्याआधी आपल्या देशात डोकावू.

आपल्याकडचा काळा हिरा

हिऱ्यांचं शास्त्र आपल्याकडे फार जुनं. अठराव्या शतकात ब्राझीलच्या खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश भारतच होता. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रपरीक्षेचं प्रकरण आहे. वज्र म्हणजे हिरा. त्यात कोणत्या वर्णाच्या माणसाला कोणत्या रंगाचा हिरा शुभ, याची वाटणी करून दिली आहे. पांढरा ब्राह्मणाला, तांबडा-पिवळा क्षत्रियाला आणि तलवारीच्या पात्यासारखा काळसर शूद्राला. माणसांची उतरंड आपण दगडांनाही लावून मोकळे झालो होतो! जुन्या रत्नपरीक्षेत दोषांचीही यादी आहे. त्यातला एक दोष ‘काकपद’, म्हणजे हिऱ्याच्या आत कावळ्याच्या पावलासारखा दिसणारा काळा डाग. असा हिरा घरात ठेवू नये, अनर्थ होतो, अशी समजूत होती. आता ज्या हिऱ्यात डागाशिवाय दुसरं काही नाहीच, त्याची काय पत असणार, ते वेगळं सांगायला नको.

आणि तरीही जगातल्या एका अतिशय प्रसिद्ध काळ्या हिऱ्याचा जन्म आपल्याकडे लावला गेला आहे. ‘ब्लॅक ऑर्लोव्ह’ त्याचं नाव, वजन सुमारे ६७.५ कॅरट. गोष्ट अशी सांगतात, की पाँडिचेरीजवळच्या एका देवळात ब्रह्मदेवाच्या मूर्तीचा हा डोळा होता. तो चोरीला गेला, शाप लागला, आणि पुढे नादिया ऑर्लोव्ह नावाच्या रशियन राजकन्येसह तीन मालकांनी उंचावरून उडी टाकून जीव दिला. शापातून सुटका व्हावी म्हणून मूळच्या १९५ कॅरटच्या दगडाचे तुकडे केले.

ही गोष्ट मी कर्ज-प्रस्ताव तपासावा तशी तपासली. ब्रह्मदेवाची देवळं मुळात आपल्याकडे विरळा. काळा खडा अशुभ मानणारे लोक तो देवाच्या डोळ्यात कशाला बसवतील? त्या नावाची राजकन्या खरंच होऊन गेली, याचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. शिवाय ‘ऑर्लोव्ह’ नावाचा दुसरा एक पांढरा हिरा मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये आहे, आणि तो श्रीरंगमच्या देवाचा डोळा होता अशी आख्यायिका आधीपासून प्रचलित आहे. मला तर ही सरळ उसनवारी वाटते. मात्र हिऱ्याचा विसाव्या शतकातला इतिहास पक्का आहे. न्यूयॉर्कचे व्यापारी चार्ल्स विन्सन यांच्याकडे तो होता. त्याच्या भोवती १०८ पांढरे हिरे बसवून १२४ हिऱ्यांच्या हारात तो ओवला गेला. २००५ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये लोकांनी तो रांगा लावून पाहिला. शापाची गोष्ट नसती, तर एवढं कौतुक झालं असतं का, कोण जाणे.

ब्राझीलचा कामकरी हिरा

आता कार्बोनाडोकडे येऊ. १८४० च्या दशकात ब्राझीलच्या बाहिया प्रांतात हिरे शोधणाऱ्यांना नदीच्या रेतीत काळे, खडबडीत, कोळशासारखे दगड सापडू लागले. पोर्तुगीज भाषेत कार्बोनाडो म्हणजे जळून कोळसा झालेला. दागिन्यात बसवावा असं त्यात काही नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला त्याला कोणी विचारीना.

मग १८६० च्या दशकात लेशो नावाच्या स्विस तंत्रज्ञाने एक युक्ती काढली. पोलादी नळीच्या तोंडावर हे काळे हिरे बसवायचे आणि नळी फिरवून खडक कापायचा. पांढरा हिरा कठीण खरा, पण नेमक्या दिशेने घाव बसला की दुभंगतो. कार्बोनाडोत कण कसेही आडवेतिडवे रुतलेले असल्यामुळे तो असा सहजी दुभंगत नाही. बोगदे, खाणी, विहिरी, सगळीकडे या ड्रिलला मागणी आली आणि ज्याला कोणी विचारत नव्हतं त्या दगडाचे भाव गगनाला भिडले.

आजवर सापडलेल्या हिऱ्यांत वजनाने सर्वांत मोठा कोणता, असं विचारलं तर बरेच जण ‘कलिनन’ सांगतात. दक्षिण आफ्रिकेत १९०५ मध्ये सापडलेला, ३१०६ कॅरटचा. त्याचे तुकडे इंग्लंडच्या राजदंडात आणि मुकुटात आहेत. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १८९५ मध्ये, बाहियातल्या लेन्सॉइस गावाजवळ एक कार्बोनाडो सापडला होता. तो ज्याला मिळाला त्याच्या नावावरून त्याला ‘सर्जिओ’ म्हणतात. वजन ३१६७ कॅरट, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमहून थोडं जास्त. कलिननपेक्षा मोठा! त्याचं काय झालं? फोडून त्याचे बारीक तुकडे केले आणि ड्रिलच्या तोंडाला बसवले. एक भाऊ राजाच्या मुकुटात गेला, दुसरा खडक फोडता फोडता झिजून संपला. पण ज्या बोगद्यातून लोक आगगाडीने गेले, ते काम या दुसऱ्या भावाच्या जातीने केलं.

१९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रयोगशाळेत हिरा बनवण्यात यश आलं. कारखान्यांना लागणारा हिरा हळूहळू यंत्रातून मिळू लागला आणि कार्बोनाडोचं महत्त्व ओसरलं. तो मिळतोही मुख्यतः दोनच देशांत, ब्राझील आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. बाकी हिरे ज्या ज्वालामुखीच्या खडकात सापडतात, त्यात हा सापडत नाही. म्हणून काही शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असा तर्क मांडला, की हा पृथ्वीवरचा नव्हेच, अवकाशातून आला असावा. इतरांना ते मान्य नाही. वाद अजून मिटलेला नाही.

ऑपेरा हाऊसची ती दुपार

आता माझी गोष्ट. १९८४ च्या सुमाराची. पंचरत्न इमारतीत आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत हिऱ्यांचा बाजार जोरात होता. ज्या लहान आणि हलक्या प्रतीच्या हिऱ्यांना पैलू पाडणं बेल्जियम-इस्रायलला परवडत नव्हतं, ते सुरतेत घासून होत आणि मुंबईतून परदेशी जात. या हलक्या मालानेच आपल्या देशाचा हिरेधंदा उभा केला, हे आज विसरायला होतं.

आमच्याकडे एक लहान व्यापारी खातेदार होता. पन्नाशीचा, सदरा-धोतर, बोलणं अगदी हळू. एका दुपारी तो आला आणि स्टॉकच्या तारणावर कर्जाची मर्यादा वाढवून मागू लागला. त्याने खिशातून पुडी काढली, निळसर अस्तराच्या कागदाची, हिरेवाल्यांची असते तशी. माझ्या टेबलाच्या काचेवर ती उलगडली. आत सगळे काळे खडे. पैलू पाडलेले, पण काळे. म्हणाला, “साहेब, हापण हिराच आहे.”

मी तेव्हा तिशीतला, नुकतं प्रमोशन मिळालेला. समोर दोन सहकारी बसले होते. मी म्हणालो, “अहो, हा कोळसा तारण ठेवून घेतला, तर हेड ऑफिस मलाच शेगडीत घालील!” दोघे सहकारी खो-खो हसले.

तो हसला नाही आणि भांडलाही नाही. पुडीची घडी घालताना एक बारीक खडा काचेवर राहिला होता. त्याने बोटाचं टोक जिभेला लावलं, तो खडा अलगद टिपला, पुडीत ठेवला आणि “बरं साहेब” म्हणून निघून गेला. काही महिन्यांनी त्याने खातं बंद केलं. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी चौकशीही केली नाही.

माझा निर्णय नियमाने चुकला नव्हता. त्या मालाला तेव्हा ठरलेला भाव नव्हता आणि मूल्यांकन करून देणारा कोणी नव्हता. आजही मी नकारच दिला असता. पण नकार देणं वेगळं आणि माणसाचा माल चारचौघांत हिणवणं वेगळं. तो खडा टिपणारं बोट मला अजून दिसतं.

दिवस फिरले

त्यानंतर बाराएक वर्षांनी, १९९६ मध्ये, जिनिव्हातल्या फवाझ ग्रुओसी नावाच्या जवाहिऱ्याने आपल्या ‘द ग्रिसोगोनो’ पेढीतर्फे फक्त काळ्या हिऱ्यांवर बेतलेले दागिने बाजारात आणले. काळ्याशेजारी शुभ्र हिरे बसवायचे, म्हणजे दोन्ही उठून दिसतात, ही त्याची युक्ती. श्रीमंतांच्या जगात त्याची एकदम चलती झाली. आफ्रिकेतल्या ५८७ कॅरटच्या काळ्या दगडातून घडवलेला ३१२ कॅरटचा हिरा त्याने ७०२ पांढऱ्या हिऱ्यांबरोबर एका अंगठीत बसवला.

या दगडाला पैलू पाडणं सोपं नव्हे. आत चिरा असल्यामुळे घासता घासता कपचा उडतो, आणि कारागिराला आतलं काही दिसत नाही. १९७३ मध्ये लोकांपुढे आलेला ‘ॲमस्टरडॅम’ नावाचा ३३.७४ कॅरटचा काळा हिरा आधी कारखान्यात वापरायच्या मालात जमा होता. तो फोडायला घेतला तेव्हा त्याचं खरं रूप कळलं आणि तो वाचला.

मग २०१० मध्ये एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटात नायक नायिकेला काळ्या हिऱ्याची अंगठी देतो, आणि ही आवड मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. २०२२ च्या फेब्रुवारीत लंडनला ‘एनिग्मा’ नावाच्या ५५५.५५ कॅरटच्या, ५५ पैलूंच्या काळ्या हिऱ्याचा लिलाव झाला आणि तो ३१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. अवकाशातून आला असावा, हीही त्याची एक जाहिरात होती. पूर्वी शापाची गोष्ट विकली जायची, आता अवकाशाची. आणि एक नोंद बँकवाल्याच्या नजरेने: ज्या जिनिव्हाच्या पेढीने ही लाट आणली, ती २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. चलती आणि ताळेबंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंगठीचा निवाडा

हे सगळं वाचल्यावर मी नातीच्या अंगठीकडे वळलो. सभासदांनी पुढचे चार मुद्दे जरूर लक्षात ठेवावेत.

एक, दुकानात मिळणारे बहुतेक काळे हिरे जन्मतः काळे नसतात. खूप चिरा असलेला करडा, मळकट हिरा निर्वात भट्टीत प्रचंड तापवतात. चिरांमध्ये ग्रॅफाइट तयार होतं आणि हिरा काळा होतो. दुसरी रीत किरणोत्साराची. त्यात मुळात गडद हिरवा रंग येतो, कडेला प्रखर प्रकाश टाकला की तो दिसतो. दोन्ही हिरे खरेच, पण किंमत कमी. दोन, नैसर्गिक काळा की प्रक्रिया केलेला, हे प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तीन, मॉइसनाइट नावाचा वेगळाच खडा काळा हिरा म्हणून गळ्यात मारला जातो. सराफाकडचं उष्णतेवर चालणारं पेन त्याला फसतं, तेव्हा ‘पेन वाजलं’ यावर विसंबू नका. चार, अशी अंगठी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू देऊ नका. आत चिरा असतात.

नातीचं प्रमाणपत्र मी भिंग लावून वाचलं. बारीक अक्षरात स्पष्ट होतं: रंग प्रक्रिया करून आणलेला. माझ्या पोटात गोळा आला. पोरांना कोणी फसवलं की काय? रात्रभर विचार केला, सांगावं की न सांगावं. सकाळी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, “आजोबा, मला माहीत आहे. दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणून तर आमच्या पगारात बसली. आणि मला तो असाच आवडला.”

मी गप्प बसलो. चाळीस वर्षांपूर्वी समोरच्या माणसाचं असंच ऐकून घेतलं असतं, तर बरं झालं असतं.

राहता राहिली आजी. तिला मी वराहमिहिरापासून जिनिव्हापर्यंत सगळं ऐकवलं. तिने ऐकलं, पण काही बोलली नाही. संक्रांतीच्या दिवशी मात्र कपाट उघडून तिने स्वतःच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा काढली. काळीभोर, बारीक बुट्ट्यांची. नातीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “लग्नानंतरच्या संक्रांतीला ही नेस. हलव्याचे दागिने काळ्यावरच उठून दिसतात.” मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “बघू ती अंगठी, जरा उजेडात.”

काळ्यावर पांढरं उठून दिसतं, हे जिनिव्हाच्या जवाहिऱ्याच्या कितीतरी आधी आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक होतं!

साखरपुडा आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये झाला आणि आपण सारे आलात. तेव्हा अनेकींनी विचारलं, “काका, हा खडा कसला?” मंडपात उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून इथे सविस्तर दिलं. आणि त्या सदरा-धोतरातल्या खातेदाराच्या घरचं कोणी चुकून हे वाचत असेल, तर त्यांना माझा नमस्कार सांगावा. माल हिराच होता.

आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहायला मी असेन-नसेन. तेव्हा ही अंगठी कोणाच्या बोटात आहे, हे आमची नात लिहील.